कौसामावशीचा कान

कौसामावशी कोणतंही मशीन उघडायच्या आधी त्याला कान लावायची. दवाखान्यात आली की चपला बाहेर काढायची, तांब्याभर पाणी प्यायची आणि मला म्हणायची, "लाव बटन. रिकामीच चालू दे." मग झाकणावर डावा कान टेकवून, डोळे मिटून उभी राहायची. त्या वेळी कोणी काही विचारलं तर नुसता हात वर करायची. एकदा आमच्या डॉक्टरबाई बोलत बोलत आत आल्या आणि तो हात पाहून दारातच थांबल्या. डॉक्टरबाईंना हातानं गप्प करणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

"आधी आयकाचं, मंग उघडाचं," मावशी म्हणायची. "तुमच्या बाई नाई का, आधी नळी कानात घालतात, मंग पोटाले हात लावतात. तसंच हे."

मी महागावला एका लहान बाळंतपणाच्या दवाखान्यात कपडे धुते. चादरी, दुपटी, डॉक्टरबाईंचे हिरवे झगे. रक्ताचे कपडे आधी गार पाण्यात भिजवायचे, हातानं खळबळून काढायचे, मग मशीनमध्ये. मशीन जुनं आहे, दवाखाना सुरू झाला तेव्हाचं. दोन हौदांचं. एका हौदात कपडे धुतले जातात, मग आपणच उचलून दुसऱ्यात टाकायचे, तिथे ते पिळले जातात. त्या दुसऱ्याला आम्ही सगळे ड्रायर म्हणतो, वाळवत तो काहीच नाही. खालचा पत्रा गंजलेला, म्हणून चार विटांवर उभं केलंय.

मावशी उमरखेडची. तिथे तिच्या नवऱ्याचं, दादारावकाकांचं, जळालेल्या मोटरी बांधून द्यायचं दुकान होतं. पाटीवर काकांचं नाव होतं, पण तांब्याच्या तारेचे वेढे घालायचं काम लग्न झाल्यापासून मावशीच करायची, स्वयंपाक आटोपला की घरात बसून. पुढे काकांचे हात कापायला लागले. पेचकस स्क्रूवर बसेना. तेव्हा मावशी घराबाहेर निघाली. शेतात कापूस वेचायला जाताना बाया साडीवर घरधन्याचा जुना शर्ट चढवतात, तसा काकांचा शर्ट ती घालायची. खिशात टेस्टर, जाड काळा पेन आणि बडीशेपेची पुडी.

पहिल्यांदा ती दोघं आली तेव्हा डॉक्टरबाई काकांशीच बोलायला लागल्या. मोटर कशी आवाज करते, पाणी कसं लवकर जात नाही, सगळं काकांना सांगितलं. काका शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाई, हे सगळं तिले सांगा. मी फक्त पिशवी धरतो. अन् थे बी हालते."

डॉक्टरबाईंनी मावशीकडे पाहिलं. मावशी तोपर्यंत मशीनला कान लावून उभी होती.

तिच्या कामाची एक पद्धत होती. मशीन थांबवलं की पिन भिंतीतून काढायची आणि मशीनच्या डोक्यावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. "माह्या डोळ्यासमोर पायजे पिन. कोनी म्हनते बटन बंद हाये. बटनावर माहा भरोसा नाई." मग मागचा पत्रा खोलायची, स्क्रू एका वाटीत टाकायची आणि लगेच हात घालायची नाही. नुसती पाहायची. खाली काळी भुकटी पडली आहे का, कुठे पाण्याचा ओघळ वाळला आहे का, उंदरानं वायर कुरतडली आहे का. त्यानंतर अंगठ्यानं पट्टा दाबून पाहायची.

खराब हा शब्द तिच्या तोंडात नव्हता. पट्टा झिजला, सील थकलं, स्प्रिंग ढिली पडली, असं म्हणायची. "एकदम कोनी मरत नाई," म्हणायची, "झिजते. झिजून राह्यलं तवा सांगते बी. आपन आयकत नाई."

ऐकूनही न सांगणाऱ्यातली मी होते.

त्या वर्षी आषाढात ड्रायर फिरताना खस्स खस्स असा आवाज यायला लागला. मशीनखाली पाहिलं तर विटेवर दोन थेंब. मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला डॉक्टरबाईंच्या खोलीत जावं लागलं असतं, तिथे पेशंट बसलेले, सिस्टर उभ्या. आणि मनात हेही होतं की बाई म्हणतील, हिनंच बिघडवलं. मी मशीनखाली एक जुनं फडकं ठेवलं. रोज संध्याकाळी ते पिळून टाकायची, सकाळी परत ठेवायची. कोणाला दिसू नये म्हणून विटेच्या आत सरकवून. आठ दिवस असं केलं. नवव्या दिवशी ड्रायर नुसता हुं हुं करायला लागला, जळका वास सुटला आणि सगळं थांबलं.

मावशीनं मागचा पत्रा काढला. ड्रायरच्या तळाशी, दांडा जिथून खाली मोटरकडे जातो, तिथे रबराचं एक सील असतं. वरचं पाणी खाली मोटरवर पडू नये म्हणून. ते फाटलं होतं. मोटर ओली, काळी पडलेली. मावशीनं वाकून विटांच्या मधून माझं फडकं बाहेर काढलं, पाहिलं आणि पिशवीत टाकलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता पुरे झालं, मावशी. मी कपडे बाहेरच धुवायला देते. रोज गाडी येऊन घेऊन जाते म्हणे. रंजनाचं पाहू काहीतरी."

मी बादली धरून मागे उभी होते. 'पाहू काहीतरी' म्हणजे काय ते मला कळत होतं. त्या दवाखान्यात मला दुसरं काम नव्हतं.

"बाई," मावशी म्हणाली, "मशीन म्हातारी नाई झाली. तिच्याकडं कोनी पाह्यलं नाई. मोटर मी बांधून देते. दिवाळीलोक द्या मले. तवर पुन्हा मोटर जळली तं मी सोता मशीन उचलून भंगारात नेऊन देते."

"उचलाले मले सांगू नको," काका म्हणाले.

बाई हसल्या. "बरं. दिवाळीपर्यंत. पुन्हा जळाली तर मात्र माझं ऐकायचं."

मोटर पिशवीत घालून मावशी निघाली, तेव्हा मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. ती तारेखालून वाकून माझ्यापाशी आली. फडकं माझ्यासमोर धरलं.

"हे तुह्यं?"

मी मान हलवली.

"किती दिवस?"

मी बोटं दाखवली.

"तोंडानं सांग."

"आठ."

"आठ दिवस मशीन बोंबलून राह्यली, अन् तू तिच्या खाली फडकं ठेवून राह्यली. काहून?"

"बाईंना वाटेल मीच बिघडवली."

"अन् आता काय वाटून राह्यलं बाईले?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "मी नाई सांगत बाईले. तुले जवा सांगाव वाटंन तवा तूच सांग. पन आता दर गुरुवारी मी येईन, अन् मशीन तू उघडशील. मी नाई. मी बसून बडीशेप खाईन."

पाच दिवसांनी मोटर आली. त्या पाच दिवसांत सगळ्या चादरी मी हातानं धुतल्या. मोटर, नवीन सील, सगळं तिनं माझ्यासमोर बसवलं आणि एक जादा सील कागदात गुंडाळून माझ्या फळीवर ठेवलं. "हे लागंन एक दिवस," म्हणाली. "लागंन तवा शोधत फिरू नको."

मग गुरुवार सुरू झाले. पहिल्या गुरुवारी वाटीत टाकायचे स्क्रू मी दोनदा जमिनीवर सांडले. मावशी खरंच भिंतीला टेकून बसली आणि बडीशेप चघळत राहिली. "पिन कुठं हाये?" हा तिचा पहिला प्रश्न. दर वेळी तोच.

तिच्याकडे बिस्किटाचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. त्यात घरोघरच्या मशीनमधून काढलेले झिजलेले भाग. धुऊन, पुसून ठेवलेले. टाकून का देत नाही, असं लोक हसायचे. त्या डब्यातला एक पट्टा आणि एक कोरा पट्टा ती माझ्या दोन हातांत द्यायची. "डोळे मिट. म्हातारा कोनता?" पहिल्या दिवशी मी चुकले. जुना पट्टा जास्त गुळगुळीत होता, म्हणून मला तो नवा वाटला. "गुळगुळीत झाला म्हनजे घसरते थो," मावशी म्हणाली. "आता मोडून पाह्य." मी पट्टा उलटा वाकवला तर आतल्या बाजूला बारीक बारीक चिरा उघडल्या, उन्हाळ्यातल्या काळ्या मातीसारख्या. त्यानंतर मी कधी चुकले नाही.

सीलची कड बोटानं चाचपायची, ती कडक लागली की दिवस भरले. दांड्याला गंज दिसला तर तो आधी घासून काढायचा, नाहीतर नवीन सीलही तोच फाडणार. ड्रायर हातानं फिरवायचा, डोलतो का पाहायचं. धुण्याच्या हौदाच्या तळाशी जी चकती फिरते तिच्याखाली केस, दोरे, कधी सेफ्टी पिन अडकते, ते काढायचं. पाणी जाणाऱ्या नळीत आमच्या बोरच्या पाण्याचा पांढरा थर बसतो, तो हातानं चुरून झटकायचा. हे सगळं मी शिकले. बोलत फारशी नव्हते, पण मावशीलाही त्याची घाई नव्हती.

ड्रायरच्या ब्रेकचं मात्र ती हसण्यावारी न्यायची नाही. झाकण उघडलं की ड्रायर लगेच थांबला पाहिजे, त्यासाठी आत एक तार असते. ती तार सैल झाली होती आणि आमच्या सिस्टरला फिरत्या ड्रायरमध्ये हात घालून चादर ओढायची सवय. एका गुरुवारी मावशीनं ते पाहिलं. एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतलं बाळ रडायला लागलं.

"काय मावशी, घाबरवलं ना!" सिस्टर म्हणाल्या. "रोजचंच आहे, काही होत नाही."

"हात गेला तं मी बांधून नाई देऊ शकत," मावशी म्हणाली. "मी मोटरी बांधते."

त्या दिवशी तार मी आवळली, मावशीनं दहा वेळा झाकण उघडून पाहिलं.

तिचा आणखी एक नेम होता. काम झालं की मागच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला लिहायचं. काय पाहिलं, काय बदललं. आणि ते तिनं नाही, जिचा हात मशीनला रोज लागतो तिनं लिहायचं. तिनं पेन पुढे केला तेव्हा मी हात मागे घेतला.

"मी चौथीपर्यंतच शिकले, मावशी."

"मंग? चौथीपर्यंत पट्टा लिहाले नाई शिकवलं का?"

मी लिहिलं. 'पट्टा पाहिला. ठीक आहे. ब्रेकची तार आवळली.' अक्षर वाकडंतिकडं आलं. मावशीनं पत्रा उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "वाच."

मी पुटपुटले.

"मशीनले आयकू नाई आलं. जोरानं वाच."

दर गुरुवारी असंच. मागचं सगळं पहिल्यापासून वाचायला लावायची आणि त्यावरून प्रश्न विचारायची. मला वाटायचं, माझी भीड मोडावी म्हणून हे चाललंय. एकदा तिनं मला ओळखीच्या दुकानदाराची चिठ्ठी दिली, "यात काय लिवलं पाह्य बरं." मी म्हटलं, "तुम्हीच पाहा ना, माझे हात ओले आहेत." मावशी चिठ्ठी उलटीसुलटी करत राहिली. काका पायरीवर बसले होते. ते हळूच म्हणाले, "डोळे चांगले हायेत तिचे. सुईत दोरा घालते अजून. पन शाळेत कधी गेलीच नाई थे."

मावशी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वेढे मोजता येते मले. हजार घातले तरी एक चुकत नाई."

मी हात पदराला पुसले आणि चिठ्ठी वाचून दाखवली. त्या दिवसापासून पत्र्यावरचं मी मोठ्यानं वाचायला लागले. कोणी सांगायची गरज उरली नाही.

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. त्या सकाळी दोन बाळंतपणं झाली, तिसरी बाई टेबलावर. चादरी संपत आलेल्या. मी ड्रायर लावला आणि तो आवाज ऐकला. खस्स नव्हतं अजून, त्याच्या अगोदरचं काहीतरी होतं, कोणी कुजबुजावं तसं. मी वाकून पाहिलं. विटेवर एक थेंब.

मी मशीन बंद केलं. पिन काढून त्याच्या डोक्यावर ठेवली.

"हे काय?" सिस्टर म्हणाल्या. "आज बंद करते का? चालू दे, उद्या पाहू."

"नाही," मी म्हटलं.

सिस्टर माझ्याकडे पाहतच राहिल्या. मी त्यांना नाही म्हटल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं ऐकलं. मी तशीच डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. बाकावर चार बाया बसलेल्या, एकीची सासू, एकीचा नवरा.

"बाई, मशीन थांबवलंय. सील गळतंय."

बाईंनी पेन खाली ठेवला. "म्हणजे पुन्हा जळाली?"

"जळाली नाही. जळायच्या आधी सांगते. मागच्या वेळी मला आठ दिवस माहीत होतं. मी खाली फडकं ठेवत होते आणि सांगितलं नव्हतं. आज पहिल्याच थेंबाला सांगते." एवढं मी एका दमात बोलले. "जादा सील आहे माझ्याकडे. मला दीड तास द्या."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सिस्टर, हिरव्या कपाटातल्या नवीन चादरी काढा. रंजना, दीड तास."

मी मागचा पत्रा खोलला. मोटर कोरडी होती, ते पाहून अर्धा जीव परत आला. दांड्याचे बोल्ट सैल केले, ड्रायर वर ओढून काढला, जुनं सील काढलं. कड कडक झाली होती, एका जागी नखाएवढी फाट. इतक्या लवकर का गेलं ते मला दांड्यावर बोट फिरवल्यावर कळलं. गंजाचा एक खरखरीत ठिपका मी मागच्या गुरुवारी घाईत सोडला होता. तो घासला, पुसला, वंगण लावलं, साबणाच्या पाण्यानं नवीन सील सरकवून बसवलं. सगळं परत जोडलं आणि मावशीला फोन लावला.

"मावशी, सील बदललं. आता—"

"सांगू नको. आयकव."

मी पिन लावली, ड्रायर फिरवला आणि फोन झाकणावर ठेवला. मशीन फिरत होतं. मी श्वास धरून उभी. दारात डॉक्टरबाई येऊन थांबल्या होत्या, हातमोजे घातलेले हात वर धरून. मी त्यांना पाहिलं आणि नकळत माझा हात वर झाला. त्या गप्प राहिल्या.

फोनमधून मावशीचा आवाज आला, "हं. लिव आता पत्र्यावर."

कपडे बाहेर धुवायला द्यायची गोष्ट डॉक्टरबाईंनी त्यानंतर काढली नाही. दिवाळीनंतर त्यांच्या घरचं जुनं मशीनही मला दाखवायला बोलावलं. मी गेले, पाणी प्याले आणि आधी कान लावला.

मावशीला मी शेवटची पाहिली ती दोन वर्षांनी. तिला आता एकटीनं काकांना सांभाळणं होत नव्हतं, म्हणून दोघं राळेगावला लेकीकडे राहायला निघाली होती. उमरखेडहून सामानाचा टेम्पो भरून निघाला तो वाटेत आमच्या दवाखान्यासमोर थांबला. मागे पलंग, पिंप, वर तो बिस्किटाचा डबा दोरीनं बांधलेला. मावशी उतरली. शर्ट तोच. आत आली, पाणी प्याली, आणि या वेळी मशीन चालू करायला सांगितलं नाही. "पत्रा काढ," म्हणाली. "वाच."

मी सगळं वाचलं. पत्रा भरत आला होता, शेवटच्या ओळी कडेनं आडव्या लिहिल्या होत्या. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली, "इथं जागा नाई उरली. वही कर एक."

फाटकापर्यंत मी सोबत गेले. ती आणि काका पुढे बसले, ड्रायव्हरनं टेम्पो चालू केला. इंजिनातून चिरकल्यासारखा आवाज आला, थोडा वेळ राहिला, गेला, परत आला. मी मावशीकडे पाहिलं. तिनं ऐकला होता, तिला न ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण ती काही बोलली नाही. समोर पाहत बसली आणि खिशातून बडीशेपेची पुडी काढली.

मी टेम्पोला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेले.

"भाऊ, पट्टा घसरून राहिला आहे. पाहून घ्या."

"काय?"

"इंजिनचा पट्टा. आवाज ऐका. राळेगाव लांब आहे, वाटेत तुटेल."

ड्रायव्हर हसला. "आता बाया शिकवतीन का मले गाडी?"

"शिकवत नाही. सांगते," मी म्हटलं.

तो अजून हसतच होता, पण कान देऊन ऐकायला लागला. मग हसणं थांबलं. गाडी बंद केली, उतरला, आपली सीट उचलून आत वाकला. बऱ्याच वेळानं डोकं बाहेर काढलं. "ढिला झालाय," स्वतःशीच म्हणाला आणि पाना शोधायला लागला. काका मला म्हणाले, "पोरी, आमचा उशीर केला तू." ते हसत होते. मावशीनं माझ्या हातावर चिमूटभर बडीशेप ठेवली.

पट्टा आवळून टेम्पो परत चालू झाला तेव्हा चिरका आवाज नव्हता. टेम्पो आर्णीच्या रस्त्याला लागला. काकांचा हात खिडकीबाहेर हलत होता. तो निरोपाचा होता की नेहमीचा, ते मला कळलं नाही. मावशीनं मागे पाहिलं नाही. तिनं डोळे मिटले होते आणि डावा कान टेम्पोच्या पत्र्याला टेकवला होता.